अमेरिकी दवाखान्याच्या बिलिंगमधून लसीकरण रजिस्ट्रीकडे नोंदी पाठवताना

एका लहान बालरोग दवाखान्याच्या बिलिंगमधून त्या राज्याच्या लसीकरण रजिस्ट्रीकडे, म्हणजे कोणाला कोणती लस कधी दिली याच्या सरकारी नोंदवहीकडे, नोंदी पाठवणे आम्ही सुरू केले, त्याला दीड महिना झाला असताना तेथील परिचारिकेचा एक साधा प्रश्न आला. खासगी विमा असलेल्या मुलांच्या लसी रजिस्ट्रीत व्यवस्थित दिसतात, मेडिकेडवरच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीच्या सरकारी विम्यावरच्या, मुलांची मात्र एकही दिसत नाही, असे का? चूक आमचीच होती. चार्जच्या, म्हणजे दवाखान्याने आकारलेल्या एकेका सेवेच्या, यादीत बऱ्याच निरर्थक ओळी असतात, त्या गाळाव्यात म्हणून ज्या ओळीची रक्कम शून्य असेल ती पाठवू नये, असा नियम आम्ही घातला होता. पण ‘व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन’ या केंद्रीय योजनेतील लस दवाखान्याला फुकट मिळते, त्यामुळे तिची किंमत बिलात लावता येत नाही. लसीचा कोड शून्य डॉलर किंवा फार तर एका सेंटसह लिहिला जातो आणि पैसे मागितले जातात ते फक्त टोचण्याचे. ही योजना आली तीच मुळी १९८९ ते १९९१ मधल्या गोवराच्या साथीनंतर, ज्या साथीत अमेरिकेत ५५,००० हून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. कायदा १९९३ मध्ये झाला आणि ऑक्टोबर १९९४ पासून योजना प्रत्यक्षात आली. ज्या मुलांसाठी हा सगळा खटाटोप उभा राहिला, नेमकी तीच मुले आमच्या एका ओळीच्या नियमाने गळाली होती.

बिल हे पैशांचे कागदपत्र आहे. कोणाकडून किती घ्यायचे ते त्यावरून नक्की कळते, पण मुलाच्या दंडात किंवा मांडीत काय गेले ते त्यावरून ताडावे लागते. बिलिंगमधून लसनोंदी पाठवणाऱ्याचे कसब इतकेच, की जे नक्की आहे ते नक्की म्हणून पाठवावे आणि जे ताडलेले आहे त्यावर तसा शिक्का मारूनच पाठवावे. पुण्यात, नवी मुंबईत किंवा नागपुरात बसून अमेरिकी दवाखान्यांचे बिलिंग सांभाळणारे आपल्यापैकी अनेक जण आहेत, आणि तिकडे स्वतःचा लहान दवाखाना चालवणारे मराठी डॉक्टरही आहेत. दोघांनाही उपयोगी पडेल अशा क्रमाने हे काम पुढे मांडले आहे.

१. आधी कायदा आणि करार

अमेरिकेत सर्व देशासाठी एक अशी लसीकरण रजिस्ट्री नाही. राज्यागणिक ती वेगळी आहे, आणि न्यूयॉर्कमध्ये तर शहराची वेगळी व उरलेल्या राज्याची वेगळी. त्यामुळे दवाखान्याच्या प्रत्येक शाखेचा पत्ता पाहून ती कोणत्या रजिस्ट्रीच्या कक्षेत येते, हे सर्वांत आधी लिहून काढावे.

रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेचा हिपा कायदा सार्वजनिक आरोग्य यंत्रणेला अशी माहिती देण्यास रुग्णाच्या लेखी परवानगीशिवाय मुभा देतो. म्हणून ‘हिपामुळे पाठवता येत नाही’ असे कोणी म्हणाले तर ते बरोबर नाही. मात्र राज्याचा कायदा याहून कडक असू शकतो. टेक्सासच्या इम्ट्रॅक२ या रजिस्ट्रीत संमतीशिवाय नोंद ठेवता येत नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून लस देणाऱ्या सर्वांना रजिस्ट्रीत नोंद करणे बंधनकारक झाले. मिशिगनमध्ये मुलांच्या लसींची नोंद ७२ तासांत व्हावी लागते, आणि हा आकडा बिलिंगवाल्यांनी विशेष लक्षात घ्यावा, कारण ज्या दवाखान्यात आठवड्याचे क्लेम शुक्रवारी एकगठ्ठा पाठवण्याची पद्धत आहे, तेथे सोमवारच्या लसीची मुदत गुरुवारीच संपलेली असते.

एक बाब बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये जवळजवळ कधीच नसते. आपली नोंद इतर दवाखान्यांना किंवा शाळांना दिसू नये असे कुटुंबाने सांगितले असल्यास ती खूण रजिस्ट्रीला जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संदेशाच्या पीडी१ या ओळीतील बाराव्या रकान्यात जावी लागते. बिलात ही खूण नाही म्हणून सरसकट ‘दाखवण्यास हरकत नाही’ असे भरणे हा दुसऱ्याच्या वतीने घेतलेला निर्णय ठरतो. रजिस्ट्रीचा नियम विचारावा, आणि दवाखान्याकडून अशा कुटुंबांची यादी निदान महिन्यातून एकदा मागून घ्यावी.

करारांचे म्हणाल तर रजिस्ट्रीशी करार दवाखाना करतो, बिलिंग कंपनी नव्हे. बिलिंग कंपनीचा दवाखान्याशी जो गोपनीयतेचा करार असतो, त्यात ‘दवाखान्याच्या वतीने रजिस्ट्रीस माहिती पाठवणे’ हे काम स्पष्ट लिहिलेले असावे. क्लेम पाठवण्याच्या परवानगीत ते आपोआप येते असे धरून चालू नये. प्रत्येक शाखेसाठी रजिस्ट्रीकडून स्वतंत्र ओळख क्रमांक मागावा. अनेक रजिस्ट्री नोंदींवरून लसींचा साठाही वजा करतात, त्यामुळे दोन शाखांच्या नोंदी एका क्रमांकावर गेल्या, तर एका फ्रीजमधला साठा कागदोपत्री संपतो आणि दुसऱ्यातला कधी कमीच होत नाही.

२. नेमक्या कोणत्या ओळी उचलायच्या

बिलिंगमध्ये एकाच घटनेची तीन रूपे असतात: दवाखान्याने भरलेला चार्ज, विमा कंपनीकडे गेलेला क्लेम आणि परत आलेला निकाल. लसीची नोंद चार्जवरून घ्यावी. क्लेम मंजूर होण्याची वाट पाहण्यात मुदत जाते, शिवाय नामंजूर झालेल्या क्लेमची लस मुलाच्या अंगात गेलेलीच असते. विमा संपला होता, सदस्य क्रमांक चुकला होता, वयाची अट बसली नाही, अशा कारणांनी डिनायल येते आणि त्यांतल्या एकाचाही लस दिली की नाही याच्याशी संबंध नसतो.

आता कोड. लसीच्या बिलात दोन प्रकारचे सीपीटी कोड (अमेरिकी बिलांत प्रत्येक सेवेला दिलेले क्रमांक) असतात, एक लसीचा आणि दुसरा ती देण्याच्या कामाचा. ९०७०७ म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची लस. ९०४६०, ९०४६१, ९०४७१ ते ९०४७४ हे कामाचे कोड. मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विम्यात कामाचे कोड आणखी वेगळे आहेत, जी०००८ फ्लूसाठी, जी०००९ न्यूमोकोकलसाठी, जी००१० हिपॅटायटिस बीसाठी. यांपैकी लसीचेच कोड उचलायचे. हे सांगायला सोपे आहे, पण घोटाळा होतो तो येथेच. घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकला, हिपॅटायटिस बी आणि पोलिओ यांची एकत्र लस ९०७२३ या कोडाने एका ओळीत येते. तिच्यात पाच घटक असल्याने, पालकांना समजावून सांगून ती दिली असेल, तर कामासाठी ९०४६० एकदा आणि ९०४६१ चार वेळा लागतो. सुई एकच, पण बिलात संख्या चारची दिसते, आणि जो प्रोग्राम संख्येला डोस समजतो तो एका बाळाला एका दुपारी चार इंजेक्शने देऊन मोकळा होतो. लसीच्याच ओळीत संख्या एकापेक्षा जास्त आली, तर ती ओळ आपोआप पुढे जाऊ न देता माणसाने पाहावी.

झेड२३ या निदान कोडावर विसंबून ओळी निवडू नयेत. ऑक्टोबर २०१५ पासून लसीकरणासाठीच्या भेटीला हा एकच कोड आहे. त्यावरून लस झाली असावी इतके कळते, कोणती ते कळत नाही.

कोडांचा पट्टा ठरवून गाळणी लावत असाल, तर पट्ट्याबाहेरच्या पाहुण्यांची यादी हाताशी ठेवावी. लसींचे कोड बहुतेक ९०४७६ पासून पुढे एका पट्ट्यात आहेत, पण २०२३ च्या शरद ऋतूपासूनच्या बहुतेक कोविड लसी ९१३१८ ते ९१३२२ मध्ये आहेत. तान्ह्या बाळांना आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूपासून वाचवणारे निर्सेव्हिमॅब हे प्रतिपिंडाचे इंजेक्शन आहे. ते ९०३८० आणि ९०३८१ वर येते आणि तांत्रिक अर्थाने ती लस नव्हे, तरीही रजिस्ट्रीसाठी त्याला लसींच्याच यादीत ३०६ आणि ३०७ हे कोड दिलेले आहेत. तेव्हा तेही पाठवायचे असते.

शून्य रकमेचा किस्सा वर सांगितलाच आहे. त्याची उलट बाजूही आहे. फुकट मिळालेल्या लसीच्या ओळीला काही ठिकाणी एसएल हा जोड कोड लावतात, काही राज्यांत टोचण्याचे पैसे लसीच्याच कोडावर मागावे लागतात, तर क्वचित फक्त कामाचा कोड असलेले बिल हाती येते आणि लसीची ओळच नसते. अशा वेळी वयावरून ‘हीच असणार’ असा तर्क लढवू नये. दवाखान्याला विचारून ओळ भरून घ्यावी, नाहीतर ती नोंद पाठवूच नये.

३. सीपीटीवरून सीव्हीएक्सकडे

रजिस्ट्री लस ओळखते ती सीव्हीएक्स कोडाने, आणि उत्पादक ओळखते एमव्हीएक्स कोडाने. सीपीटी आणि सीव्हीएक्स यांची जुळणी दाखवणारा तक्ता अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी प्रसिद्ध करते आणि सुधारत राहते. हा तक्ता प्रोग्राममध्ये एकदा चिकटवून विसरून जाण्याचा नाही. दर महिन्याला तो नव्याने उतरवून घ्यावा आणि जुन्याशी ताडून काय बदलले ते पाहावे, कारण फ्लूच्या हंगामाच्या तोंडावर नवे कोड येतात आणि आपला तक्ता जुना असेल तर त्या नोंदी निमूटपणे गळतात.

बऱ्याच ओळी सरळ जुळतात. ९०७०७ ला ०३, कांजिण्यांच्या ९०७१६ ला २१, वर आलेल्या ९०७२३ ला ११०. पण ९०७०० या एका सीपीटी कोडामागे दोन सीव्हीएक्स उभे आहेत, २० आणि १०६, कारण घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकल्याच्या दोन कंपन्यांच्या लसींत डांग्या खोकल्याच्या घटकांची संख्या वेगळी आहे, तरी बिलाच्या दृष्टीने त्या एकच. किशोरवयात दिल्या जाणाऱ्या ९०७३४ या मेंदूज्वराच्या लसीचेही तसेच, तेथे ११४ आणि १३६ असे दोन पर्याय निघतात. येथे तक्त्यातला पहिला दिसेल तो कोड उचलणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग आहे.

योग्य मार्ग एनडीसी क्रमांकातून, म्हणजे प्रत्येक औषधाच्या पाकिटावर छापलेल्या राष्ट्रीय औषध क्रमांकातून, जातो. इलेक्ट्रॉनिक क्लेममध्ये या क्रमांकाला जागा आहे, आणि अनेक विमा योजना तो मागतातही. तो मिळाला की नेमकी लस आणि उत्पादक दोन्ही कळतात. मात्र त्याच्या लिहिण्यात एक खाच आहे. पाकिटावर तो दहा अंकी असतो आणि त्याचे तुकडे ४-४-२, ५-३-२ किंवा ५-४-१ असे पडतात, तर क्लेममध्ये तो ५-४-२ असा अकरा अंकी लागतो. जेथे अंक कमी पडतो त्याच तुकड्याच्या डोक्यावर शून्य चढवायचे, सगळ्याच्या शेवटी नाही. म्हणून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एका लसीच्या खोक्यावरचा ०००६-४६८१-०० हा क्रमांक क्लेममध्ये ००००६-४६८१-०० होतो. खोक्याचा क्रमांक आणि आतल्या एकेका कुपीचा क्रमांक वेगळा असू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. सीडीसीच्या तक्त्यात दोन्ही असतात.

एनडीसी नसेल आणि सीपीटी संदिग्ध असेल, तर ‘प्रकार नमूद नाही’ अशा अर्थाचे सीव्हीएक्स कोड वापरावेत, उदाहरणार्थ ९०७०० साठी १०७. असा कोड मुलाच्या वेळापत्रकात डोस मोजायला पुरेसा असतो, पण आपण दिलेल्या ताज्या लसीसाठी तो बहुतेक रजिस्ट्री स्वीकारत नाहीत. ती अट गैर नाही, आणि तिचा विचार पाचव्या पायरीत येईलच. कोणताही कोड पाठवला तरी मूळ सीपीटी कोड त्याच रकान्याच्या दुसऱ्या भागात सोबत ठेवावा. सहा महिन्यांनी जुळणी चुकली होती असे निघाले, तर मागे जाण्याची वाट त्यानेच राहते.

४. मूल कोण, हे ठरवणे

विमा कार्ड असते आईच्या किंवा वडिलांच्या नावाने, आणि लस घेते मूल. क्लेममध्ये दोघांचीही नावे, जन्मतारखा आणि पत्ते असतात. चुकीच्या जागेवरून उचलले तर रजिस्ट्रीत चौतीस वर्षांच्या बाईला रोटाव्हायरसची लस दिलेली दिसते. ही चूक निदान डोळ्यांत भरते तरी. नवजात बाळांची चूक लपून राहते. पहिल्या काही आठवड्यांत बाळाचे नाव ठरलेले नसते, बिलावर ‘बेबी गर्ल’ आणि आईचे आडनाव एवढेच असते, महिनाभराने खरे नाव येते आणि रजिस्ट्रीत एकाच मुलीच्या दोन मुली होतात. म्हणून ‘बेबी’, ‘न्यूबॉर्न’, ‘ट्विन ए’ अशी नावे असलेल्या ओळी बाजूला काढाव्यात आणि नाव दुरुस्त झाल्यावर जुनाच रुग्ण क्रमांक ठेवून पुन्हा पाठवाव्यात. जुळी असतील तर संदेशातील रुग्णाची ओळख देणाऱ्या पीआयडी ओळीत त्यासाठी चोवीस व पंचवीस असे दोन रकाने आहेत: जुळे आहे का, आणि जन्माचा क्रम कोणता. आडनाव, पत्ता, जन्मतारीख सगळे सारखे असलेल्या दोन भावांना वेगळे ठेवण्यात हे दोन रकाने मोठीच मदत करतात, आणि बिलिंगमध्ये ते नसतात, तेव्हा विचारून भरावेत.

आईचे माहेरचे नाव रजिस्ट्रीला मुलांची जुळणी करण्यासाठी फार उपयोगी पडते. बिलात ते नसते, असते ते पैसे भरण्याची जबाबदारी घेतलेल्या व्यक्तीचे. ती आजी असेल, सावत्र वडील असतील. ते नाव आईच्या रकान्यात सरकवण्याचा मोह टाळावा. रिकामा रकाना रजिस्ट्रीला चालतो, खोटा भरलेला चालत नाही. आपल्याकडच्या नावांचा एक खास गोंधळही येथेच नोंदवतो: मधले नाव म्हणून वडिलांचे नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसऱ्या ठिकाणी आद्याक्षर आणि तिसऱ्या ठिकाणी मुलाच्याच नावाला जोडून लिहिलेले असते. चार्जमध्ये जसे आहे तसे न पाठवता दवाखान्याने जन्मदाखल्याप्रमाणे एकदा ठरवून घेतलेले रूप पाठवावे.

५. आपण दिलेली, की फक्त कळलेली

संपूर्ण कामातला कळीचा निर्णय संदेशाच्या आरएक्सए या दिलेल्या लसीची माहिती असलेल्या ओळीच्या नवव्या रकान्यात होतो. तेथे ०० लिहिले तर अर्थ होतो ‘ही लस आम्ही दिली, ही पहिल्या हाताची नोंद आहे’. ०१ लिहिले तर ‘पूर्वी दिलेली, स्रोत नमूद नाही’. ०२ म्हणजे दुसऱ्या दवाखान्याकडून कळलेली, ०३ म्हणजे पालकांनी दाखवलेल्या लेखी नोंदीवरून.

०० लिहिले की रजिस्ट्री लॉट नंबर (लस ज्या उत्पादन-खेपेतली आहे तिचा क्रमांक), मुदत, उत्पादक, टोचण्याची जागा, टोचणारी व्यक्ती आणि फुकट लसींच्या योजनेची पात्रता हे सगळे अपेक्षिते, आणि अनेक ठिकाणी त्या लॉटमधून एक डोस साठ्यातून वजाही करते. बिलात यांतले जवळजवळ काहीच नसते. लॉट नंबर विमा कंपनीला लागत नाही, म्हणून बिलिंगला कधी विचारला गेला नाही. आता काही जण पळवाट काढतात आणि लॉटच्या रकान्यात ‘अननोन’ किंवा ओळीने शून्ये भरून ०० पाठवतात. रजिस्ट्री कधी कधी ते घेतेही. पण एखादा लॉट परत मागवण्याची वेळ आली की कोणत्या मुलांना पुन्हा बोलवायचे याची यादी याच रकान्यावरून निघते, आणि शून्यांवरून कोणालाच बोलावता येत नाही.

माझे मत असे, की दवाखान्याने लस देताच चार्ज भरतानाच लॉट भरावा, आणि ते होईपर्यंत निव्वळ बिलावरून आलेली प्रत्येक नोंद ०१ म्हणूनच पाठवावी. भरणे अवघड नाही. अमेरिकेत मिळणाऱ्या बहुतेक लसींच्या कुपीवर किंवा भरलेल्या सिरिंजवर नखाएवढा चौकोनी बारकोड असतो, आणि त्यात एनडीसी, लॉट आणि मुदत तिन्ही असतात. आम्ही एका दवाखान्यात फ्रीजशेजारच्या टेबलावर एक साधा स्कॅनर ठेवायला सांगितला. परिचारिका सिरिंज उचलते, स्कॅनरखाली धरते, आणि चार्जच्या पडद्यावर तीन रकाने आपोआप भरले जातात. पहिला आठवडा कुरकुर झाली. पुढे तिला स्वतःलाच फ्रीजचा रोजचा हिशेब हाताने लिहावा लागेनासा झाला आणि कुरकुर थांबली.

योजनेची पात्रता मात्र बिलावरून ताडताना जपून असावे. मेडिकेडवरच्या मुलासाठी व्ही०२ हा कोड देता येतो. पण खासगी विमा दिसला म्हणून व्ही०१, म्हणजे ‘पात्र नाही’, असे लिहिता येत नाही, कारण मूळ अमेरिकी किंवा अलास्काच्या मूळ रहिवासी कुटुंबातले मूल खासगी विमा असूनही व्ही०४ खाली पात्र असते. पात्रता प्रत्येक डोसला वेगळी लिहावी लागते, मुलाच्या नावापुढे एकदाच नव्हे.

भारतातून नुकत्याच गेलेल्या मुलांचे डोस बिलिंगमधून कधीच येणार नाहीत, कारण त्यांचे तिकडे बिलच झालेले नाही. ते दवाखान्याने कार्ड पाहून ०३ म्हणून हाताने भरायचे असतात. फक्त ०५/०३ ही तारीख पुण्याच्या कार्डावर पाच मार्च असते आणि अमेरिकी पडद्यावर तीन मे होते, आणि एप्रिल २०१६ पासूनचा तोंडावाटे दिलेला पोलिओचा डोस तिकडच्या वेळापत्रकात मोजला जात नाही, एवढे भरणाऱ्याला सांगून ठेवावे.

६. संदेश बांधणे आणि पाठवणे

संदेशाचे स्वरूप आरोग्यविषयक माहितीच्या देवाणघेवाणीसाठीच्या एचएल७ २.५.१ या मानकाप्रमाणे असते, आणि लसींसाठीच्या त्याच्या मार्गदर्शिकेची १.५ ही आवृत्ती ऑक्टोबर २०१४ ची आहे. लसीची नोंद पाठवणाऱ्या संदेशाला व्हीएक्सयू म्हणतात. राज्याची स्वतःची पुरवणी पुस्तिका असतेच, आणि दोघांत फरक पडला तर राज्याची ग्राह्य धरावी. काही रजिस्ट्री अजून साध्या रकान्यांची फाइलही घेतात. दवाखाना अगदी छोटा असेल तर तेवढ्याने भागते, पण फाइलला ओळीगणिक उत्तर नीट मिळत नाही आणि दुरुस्त्या पाठवणे जिकिरीचे होते.

या टप्प्यावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट ओआरसी ओळीच्या तिसऱ्या रकान्यात आहे. तेथे त्या डोसचा आपला कायमचा क्रमांक लिहायचा असतो. बिलिंगवाल्याला सहज सुचतो तो क्लेम क्रमांक, आणि तोच तेथे घालू नये. क्लेम परत पाठवला, दुसऱ्या विम्याकडे वळवला, की त्याचा क्रमांक बदलतो आणि रजिस्ट्रीला ती नवी लस वाटते. चार्जच्या ओळीचा मूळ क्रमांक बदलत नाही, तोच वापरावा.

पाठवण्यासाठी बहुतेक रजिस्ट्री सीडीसीने आखून दिलेली वेब सेवा वापरतात. तिच्यात जोडणी तपासण्याची एक क्रिया आहे आणि एकेक संदेश पाठवण्याची एक. प्रत्येक संदेशाला उत्तर येते आणि ते वाचणे हे पाठवण्याइतकेच काम आहे. एए म्हणजे स्वीकारले, एआर म्हणजे परत. मधले एई फसवे आहे: तीन डोसांच्या संदेशात दोन घेतले गेले आणि एक टाकला गेला तरी एई येते, आणि फक्त एखाद्या पत्त्याबद्दल शंका असली तरीही येऊ शकते. म्हणून उत्तरातील चुका सांगणाऱ्या ईआरआर ओळीतल्या तीव्रतेकडे पाहावे. ई असेल तर काहीतरी गळले आहे, डब्ल्यू असेल तर इशारा आहे, आय असेल तर नुसती माहिती.

७. चाचणी

रजिस्ट्रीच्या चाचणी पत्त्यावर शंभर सारखेच संदेश पाठवून काही कळत नाही. दहा मुले निवडावीत, पण अडचणीची: एक मेडिकेडवरचे, एक जुळे, एक अजून नाव न ठेवलेले, एक ज्याचा क्लेम नामंजूर झाला, एक ज्याचा क्लेम बदलून पुन्हा गेला, एक ज्याला एका भेटीत पाच लसी मिळाल्या, एक फ्लूचे नाकातून दिलेले, एक ज्याच्या ओळीत एनडीसी नाही, एक आरएसव्हीचे, आणि एक अगदी साधे. मग दवाखान्यात कोणीतरी त्यांच्या कागदी किंवा संगणकातल्या नोंदी उघडून बसावे आणि रजिस्ट्रीच्या पडद्यावर काय उतरले ते शेजारी ठेवून वाचावे. ही तुलना बिलिंगच्या माणसाने करू नये, कारण तो पुन्हा बिलाशीच ताडतो आणि दोन्हीकडे एकच चूक असेल तर समाधानाने मान डोलावतो.

जुन्या वर्षांच्या नोंदी भरायच्या असतील तर त्या सगळ्या ०१ म्हणून, वर्षाच्या टप्प्याने आणि रजिस्ट्रीला आधी कळवून पाठवाव्यात. जुन्या चार्जमध्ये बंद झालेले कोड भेटतात, उदाहरणार्थ सात प्रकारांच्या न्यूमोकोकल लसीचा ९०६६९, ज्याचा सीव्हीएक्स १०० आहे. तो नंतर आलेल्या तेरा किंवा वीस प्रकारांच्या लसीवर ढकलू नये.

८. दुरुस्त्या

क्लेमला स्वतःचा एक अवस्थांक असतो: १ म्हणजे मूळ, ७ म्हणजे बदली, ८ म्हणजे रद्द. ८ आले की रजिस्ट्रीतली नोंद पुसून टाकायची, असा नियम कागदावर फार तर्कशुद्ध वाटतो. प्रत्यक्षात क्लेम रद्द होण्याचे कारण बहुधा चुकीचा विमा किंवा दोनदा गेलेले बिल हे असते, आणि लस दिलेलीच असते. त्याउलट, पालकांनी शेवटच्या क्षणी नकार दिला किंवा मूल रडून उठून गेले आणि चार्ज आधीच भरलेला होता, अशा वेळी खरोखर पुसायला हवे, आणि तेथे कधी कधी क्लेम गेलेलाच नसतो, नुसता चार्ज मिटवलेला असतो. म्हणून पुसण्याचा संदेश, ज्यात आरएक्सएच्या एकविसाव्या रकान्यात डी असते, तो दवाखान्यातल्या माणसाने ‘ही लस दिली नाही’ असे लिहून दिल्याशिवाय जाऊ नये. आम्ही मिटवलेल्या आणि रद्द झालेल्या लसओळींची यादी रोज संध्याकाळी दवाखान्याला पाठवतो आणि प्रत्येकीपुढे ‘दिली’ किंवा ‘दिली नाही’ एवढाच एक शब्द मागतो.

९. रोजचा ताळा

तीन आकडे रोज एका ओळीत लिहावेत: किती लसओळी चार्ज झाल्या, किती डोस पाठवले, किती स्वीकारले गेले. पहिल्या दोहोंत फरक असेल तर गाळणी किंवा जुळणी बिघडली आहे, दुसऱ्या-तिसऱ्यांत असेल तर ईआरआर ओळी वाचायच्या राहिल्या आहेत. आमचा शून्य रकमेचा घोळ पहिल्याच दिवशी सापडला असता, पण आम्ही तेव्हा पहिला आकडा गाळणीच्या आधी न मोजता गाळणीच्या नंतर मोजत होतो.

भारतातून काम करणाऱ्यांनी तारखेकडेही लक्ष द्यावे. आपले घड्याळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या साडेनऊ ते साडेदहा तास पुढे असते. तेथे दुपारी तीन वाजता दिलेली लस आपल्या संगणकावर दुसऱ्या दिवसाची मध्यरात्र उलटल्यावर उतरते. लसीची तारीख चार्जमधल्या सेवेच्या दिवसावरूनच घ्यावी, नोंद तयार झाल्याच्या वेळेवरून कधीही नाही. एका दिवसाचा फरक क्षुल्लक वाटतो, पण वर्ष पूर्ण होण्याच्या दिवशी दिलेला गोवराचा डोस एक दिवस आधीचा दिसला काय किंवा नंतरचा दिसला काय, शाळेत दाखला मागितल्यावर तो दवाखान्याच्या कागदाशी जुळत नाही.

विमा कंपन्याही स्वतःच्या क्लेमवरून रजिस्ट्रीशी माहितीची देवाणघेवाण करतात, कारण मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंत किती लसी पूर्ण झाल्या यावर त्यांचे मूल्यमापन होते. त्यामुळे आपण एनडीसीवरून नेमका पाठवलेला २० आणि विमा कंपनीने संदिग्ध म्हणून पाठवलेला १०७ एकाच दिवशी एकाच मुलाच्या नावावर येऊन पडतात. रजिस्ट्री बहुधा ते एकच डोस म्हणून एकत्र करते, पण तारखा एक-दोन दिवसांनी सरकलेल्या असतील तर ते प्रकरण हाताने तपासायच्या ढिगात जाते. महिन्यातून एकदा पाच मुले निवडून रजिस्ट्रीला चौकशीचा क्यूबीपी संदेश पाठवावा, आलेले उत्तर दवाखान्याच्या नोंदीशेजारी ठेवावे, आणि एखाद्याचे डोस जास्त दिसले तर आधी आपला ओआरसी क्रमांक बदलला आहे का ते पाहून मगच रजिस्ट्रीच्या मदतकक्षाला लिहावे.